माळ्यावरचा जुना संगणक पुन्हा सुरू करताना

नागपूरच्या महाल, इतवारी, धरमपेठ अशा जुन्या वस्त्यांतल्या घरांची आवराआवर निघाली की गाद्यांच्या आणि भांड्यांच्या मागून कधी कधी एखादा संगणक बाहेर येतो. बहुतेक वेळा तो नव्वदच्या दशकात असेंबल करून घेतलेला ३८६ किंवा ४८६ जातीच्या प्रोसेसरवर चालणारा पीसी असतो. क्वचित तो १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आलेला सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम किंवा त्याचीच भारतात तयार झालेली आवृत्ती, डीबी स्पेक्ट्रम असतो. एखाद्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत, १९८४ मध्ये सुरू झालेल्या, शाळांत संगणक शिकवण्याच्या ‘क्लास’ प्रकल्पाच्या काळातला बीबीसी मायक्रो हा संगणकही धूळ खात पडलेला आढळू शकतो. अशी यंत्रे पुन्हा चालती करण्याच्या छंदाला पैसा फारसा लागत नाही, पण क्रम पाळण्याची शिस्त मात्र फार लागते. आधी तपासणी, मग वीजपुरवठा, मग मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड), त्यानंतर जुन्या माहितीची प्रत आणि सर्वांत शेवटी सुधारणा, असा तो क्रम आहे. या क्रमातली एखादी पायरी गाळून पुढे गेल्यामुळे बिघडलेली यंत्रे वयोमानाने बिघडलेल्या यंत्रांपेक्षा कमी नसतील, असे माझे मत आहे.

म्हणून पहिली सूचना अशी की, सापडलेला संगणक चालतो का हे पाहण्यासाठी तो लगेच प्लगमध्ये लावू नये. वीस-तीस वर्षे वीज न मिळालेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) सुकलेले असू शकतात, बॅटरीतला द्रव बोर्डावर पसरलेला असू शकतो, आणि हार्ड डिस्कवर घरातल्या कोणाचे तरी लेखन, हिशेब किंवा पत्रे असू शकतात. यांपैकी कशाचेही नुकसान होण्यास एक क्षण पुरतो.

हत्यारे आणि जागा

एक बरा डिजिटल मल्टिमीटर, २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डरिंग पंप, तांब्याची विक (वितळलेले कथिल शोषून घेणारी पट्टी), फ्लक्स, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना मऊ टूथब्रश आणि वेगवेगळ्या मापांचे स्क्रू-ड्रायव्हर एवढे साहित्य सुरुवातीला पुरेसे आहे. हे सर्व सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांतून एका फेरीत गोळा करता येते. कपॅसिटर, डायोड, ७८०५ रेग्युलेटर (५ व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग), आयसीचे (चिपचे) सॉकेट असे नेहमीचे भागही तेथेच मिळतात, मात्र जुन्या मेमरी चिप किंवा स्पेक्ट्रमच्या कळफलकाचा पडदा (कळांखालचा पातळ थर) यांसारख्या वस्तू बाहेरून मागवाव्या लागतात. याखेरीज एक सिरीज बोर्ड अवश्य करून घ्यावा. १०० वॅटचा तंतूचा बल्ब ज्या सॉकेटच्या फेजमध्ये सिरीजने जोडला आहे असा हा बोर्ड कोणताही जाणकार वायरमन करून देतो, आणि शॉर्ट झालेल्या यंत्राला वाचवण्याचे काम त्याच्याइतक्या स्वस्तात दुसरे कोणी करत नाही.

कामाच्या जागेला खरे अर्थिंग असले पाहिजे. जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते, तेव्हा ते आधी तपासून घ्यावे. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात आणि एप्रिल-मे महिन्यांत अंगावर स्थिर विद्युत सहज साठते व जुन्या मेमरी चिपना तेवढी ठिणगीही पुरते, म्हणून अर्थिंगला जोडलेला मनगटपट्टा वापरावा आणि सिंथेटिक कपडे घालून बोर्ड हाताळू नये.

सर्वांत आधी बॅटरी

२८६, ३८६ आणि ४८६ काळातल्या बहुसंख्य मदरबोर्डांवर तारीख, वेळ व सेटअप टिकवण्यासाठी ३.६ व्होल्टची, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली, लहान पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी झाळलेली असते. या यंत्रांचा सर्वांत मोठा शत्रू हीच बॅटरी आहे. तिच्यातले पोटॅशियम हायड्रॉक्साइड कालांतराने बाहेर झिरपते, तांब्याच्या रेघा खाते, आयसीच्या पायांवर हिरवट-निळी बुरशीसारखी पूड धरते आणि रेघांच्या आधाराने बोर्डाच्या आतपर्यंत सरकते. कळफलकाचा कनेक्टर आणि त्याला सांभाळणारी ८०४२ ही चिप बहुधा बॅटरीच्या शेजारीच असल्यामुळे पहिला घाव त्यांच्यावर बसतो.

कॅबिनेट उघडल्याबरोबर बॅटरी कशीही दिसो, ती कापून काढावी. ती अजून धडधाकट दिसते म्हणून ठेवून देणे योग्य नाही. गळती झालेली असेल तर हातमोजे व चष्मा घालून त्या जागी पांढऱ्या व्हिनेगारने भिजवलेला कापसाचा बोळा लावावा. गळलेला द्रव अल्कलीधर्मी असल्यामुळे सौम्य आम्लाने त्याचा प्रभाव नाहीसा होतो व थोडा फेसही येतो. फेस थांबला की व्हिनेगार तेथे ठेवू नये. ती जागा डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुवावी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश करावी आणि बोर्ड एक दिवस सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावा. नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी वापरू नये, कारण त्यातले क्षार मागे राहतात.

वाळल्यानंतरचे काम खरे चिकाटीचे असते. काळवंडलेल्या प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटरच्या टोच्या लावून जोडणी तपासावी. रेघ तुटलेली निघाली तर तिच्यावरचा हिरवा थर हलकेच खरवडून तांबे उघडे करावे, त्यावर फ्लक्स व कथिलाचा पातळ थर द्यावा, आणि जेथे तांबेच उरले नसेल तेथे बारीक एकेरी तारेने पूल बांधावा. गंजलेल्या पायांवर कथिल धरत नाही, म्हणून आधी फायबरग्लासच्या पेनाने किंवा बारीक सँडपेपरने धातू चमकेपर्यंत घासावा. गळती स्लॉटच्या पट्ट्यांमध्ये शिरली असेल तर तो स्लॉट वापरायचा नाही असे ठरवणे हा बहुधा शहाणपणाचा मार्ग असतो.

नव्या बॅटरीसाठी बोर्डावर चार पिनांचा बाह्य बॅटरीचा कनेक्टर आहे का ते पाहावे, कारण बऱ्याच बोर्डांवर तो असतो आणि शेजारचा जंपर (दोन पिना जोडणारी लहान टोपी) बदलून तो चालू करता येतो. तेथे तीन पेन्सिल सेलचा लहान खोका जोडून तो बोर्डापासून दूर, कॅबिनेटच्या भिंतीला चिकटवून ठेवला म्हणजे पुढे सेल गळले तरी बोर्ड सुरक्षित राहतो. कनेक्टर नसेल आणि जुन्या बॅटरीच्याच जागी सीआर २०३२ हा बटन सेल बसवायचा असेल, तर त्याच्या धन टोकाशी सिरीजमध्ये शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालणे अनिवार्य आहे. मूळ बॅटरी रिचार्ज होणारी असल्यामुळे बोर्ड तिला चार्ज करत राहतो, आणि लिथियम बटन सेलला चार्जिंग मिळाले तर तो फुगतो किंवा फुटतो.

काही बोर्डांवर ही पिंपाकृती बॅटरी नसते, त्याऐवजी डल्लास कंपनीची डीएस १२८८७ सारखी काळी, जाड चिप असते व सेल तिच्या पोटातच बंद केलेला असतो. हा सेल साधारण दहा वर्षांसाठी असतो, त्यामुळे आज तो संपलेलाच असणार असे गृहीत धरावे. ही चिप गळत नाही, एवढा तिचा मोठा गुण. ती सॉकेटमध्ये असेल तर नवी बसवावी. मिळत नसेल तर १६ व २० क्रमांकांच्या पायांजवळचा वरचा थर अलगद कोरून आतल्या सेलची जोडणी तोडतात आणि बाहेरून सीआर २०३२ जोडतात. त्यात २० क्रमांकाचा पाय धन व १६ क्रमांकाचा ऋण असतो. हे काम नाजूक आहे, पण हात स्थिर असलेल्याला ते जमते.

वीजपुरवठा

जुन्या एटी प्रकारच्या कॅबिनेटमध्ये पुढच्या बटनापर्यंत थेट २३० व्होल्टच्या तारा आलेल्या असतात. आजच्या संगणकांत असे नसल्यामुळे नव्या पिढीतला माणूस त्या तारांना निर्धास्तपणे हात लावतो, हे धोक्याचे आहे. कॅबिनेटमध्ये हात घालण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलेलाच असावा. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या, डब्यातले मोठे कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारलेले असतात आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तसेच राहतात, त्यामुळे अनुभव नसलेल्याने तो डबा उघडू नये. अनुभव असलेल्यानेही आधी मीटरने मोजावे आणि मगच हात लावावा. ब्राउन ट्यूबच्या (जुन्या टीव्हीसारख्या खोल पेटीच्या) मॉनिटरबाबत तर माझे सांगणे सरळ आहे: त्यात वीस हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो, तेव्हा तो जाणकार टीव्ही मेकॅनिककडेच द्यावा.

एसएमपीएसच्या मागे ११०–२३० असा निवडीचा खटका असतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेल्या यंत्रावर तो हमखास ११० वर असतो. तसाच तो आपल्या विजेवर लावला तर स्फोटासारखा आवाज होऊन पुरवठा निकामी होतो. हा खटका तपासल्यावर एसएमपीएस मदरबोर्डापासून पूर्ण सुटा करावा आणि सिरीज बोर्डवर लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण प्रकाशाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजून तेथेच थांबावे. हे पुरवठे भाराशिवाय नीट चालू होत नाहीत, म्हणून लाल व काळ्या तारांमध्ये, म्हणजे ५ व्होल्टवर, मोटारीचा १२ व्होल्टचा दिवा भार म्हणून जोडावा. सिरीज बल्बची परीक्षा पार पडल्यावर थेट विजेवर लावून व्होल्टेज मोजावे. ५ व्होल्टची तार ४.७५ ते ५.२५ आणि १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान असावी. नारिंगी तारेवरचा ‘पॉवर गुड’ संकेत सुमारे ५ व्होल्ट दाखवत नसेल तर मदरबोर्ड कितीही निरोगी असला तरी तो जागा होणार नाही.

मदरबोर्डला जाणारे पी ८ आणि पी ९ हे दोन कनेक्टर एकमेकांशेजारी बसतात आणि त्यांची अदलाबदल शक्य असते. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलट बसले तर बोर्ड जळतो, त्यामुळे वीज देण्यापूर्वी हे दर वेळी डोळ्यांनी पाहावे.

बीबीसी मायक्रोच्या पुरवठ्यात वेगळाच दोष दडलेला असतो. विजेच्या प्रवेशाजवळ पारदर्शक पिवळसर आवरणातले रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या आवरणाला बारीक भेगा पडतात, आत दमटपणा शिरतो आणि यंत्र चालू केल्यानंतर काही मिनिटांतच ते दाट, उग्र वासाचा धूर ओकतात. भेगा दिसोत वा न दिसोत, हे कपॅसिटर बदलूनच मग यंत्र चालू करावे. त्यांच्या जागी २७५ व्होल्ट एसीचे, एक्स-२ वर्गाचेच (थेट घरगुती विजेवर लावण्यासाठी बनवलेले) कपॅसिटर घालावेत. साधे कपॅसिटर येथे चालत नाहीत.

बोर्ड जागा होत नसेल तर

वीजपुरवठा खात्रीचा झाल्यावर मदरबोर्डवर फक्त मेमरी, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर एवढेच ठेवावे. साउंड कार्ड, मोडेम, फ्लॉपी व हार्ड डिस्क यांच्या जोडण्या काढून ठेवाव्यात. पुरवठा चालू होताच टक् असा आवाज करून बंद पडत असेल, तर पिवळ्या थेंबासारखे दिसणारे टँटेलम कपॅसिटर तपासावेत. १२ व्होल्टच्या तारेवरचे टँटेलम शॉर्ट होणे हा जुन्या बोर्डांचा नेहमीचा आजार आहे. १२ व्होल्टची तार आणि ग्राउंड (काळी तार) यांच्यातला रेझिस्टन्स जवळजवळ शून्य दिसला तर एकेक कार्ड काढून पुन्हा मोजावे. दोषी कपॅसिटर पुष्कळदा मदरबोर्डवर नसतो, एखाद्या कार्डावर असतो.

वीज आहे पण पडदा काळा आहे, अशा वेळी स्पीकरचे ऐकावे. एएमआय कंपनीच्या बायॉसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) तीन बीप म्हणजे पहिल्या ६४ केबी मेमरीत दोष, सहा बीप म्हणजे कळफलकाच्या कंट्रोलरच्या मार्गात दोष आणि आठ बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाच्या मेमरीत दोष. सहा बीप ऐकू आल्या तर बॅटरीच्या गळतीची जागा पुन्हा तपासावी, कारण ८०४२ चिपकडे जाणारी एखादी रेघ निसटलेली असण्याची शक्यता सर्वाधिक असते. बीपच येत नसतील तर आयएसए स्लॉटमध्ये (जुन्या पीसीत कार्डे घालण्याच्या खाचेत) बसणारे पोस्ट कार्ड घ्यावे. ते बोर्ड कोणत्या टप्प्यावर अडकला आहे त्याचा दोन अक्षरी संकेत दाखवते. बाजारातली बरीच पोस्ट कार्डे एका बाजूला आयएसए आणि दुसऱ्या बाजूला पीसीआय अशी असतात व चुकीच्या दिशेनेही स्लॉटमध्ये शिरतात, म्हणून कार्डावरची खूण पाहूनच ते बसवावे.

सॉकेटमधल्या चिप वर्षानुवर्षे गरम-थंड होऊन हळूहळू वर सरकतात. नागपुरात हा फरक एकाच दिवसात वीस अंशांच्या घरात जाऊ शकतो. प्रत्येक चिप अंगठ्याने दाबून पुन्हा बसवली, कार्डांच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने हलकेच घासून अल्कोहोलने पुसल्या आणि मेमरीच्या पट्ट्या काढून घातल्या, एवढ्यानेच पुष्कळ मृत बोर्ड बोलू लागतात. मेमरीच्या पट्टीला धरणारे प्लॅस्टिकचे कान मात्र फार ठिसूळ झालेले असतात, म्हणून दोन्ही बाजूंचे कान एकाच वेळी, नखाने बाहेर सारावेत आणि पट्टी तिरकी करूनच काढावी.

येथे एक वेगळी काळजी सांगतो. बायॉस साठवणाऱ्या ईप्रॉम चिपला काचेची खिडकी असते आणि तिच्यावर कागदी लेबल चिकटवलेले असते. ते लेबल गळून पडलेले असेल तर लगेच अपारदर्शक चिकटपट्टी लावावी. आपल्याकडचे ऊन प्रखर आहे, आणि खिडकीतून पडणाऱ्या अतिनील किरणांनी ईप्रॉममधला मजकूर कालांतराने पुसला जातो. शक्य असेल तर प्रोग्रामर या यंत्रावर त्या चिपची प्रत काढून ठेवावी.

जुना पीसी हर्क्युलिस मोनो या एकरंगी डिस्प्ले कार्डाचा असेल तर त्याचा नऊ पिनांचा मॉनिटर वेगळ्याच संकेतांवर चालतो व आजचा एलसीडी त्याला जोडता येत नाही. अशा वेळी आयएसए व्हीजीए कार्ड घालून तपासणी करणे सोपे जाते. कळफलकासाठी मोठ्या पाच पिनांच्या कनेक्टरमधून साध्या जोडणीने पीएस/२ कळफलक चालतो, यूएसबी कळफलक मात्र चालत नाही.

स्पेक्ट्रमच्या तपासणीतले वेगळेपण

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागते आणि त्याच्या पिनचे मधले टोक ऋण असते. बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर मध्यभागी धन असलेले असतात, त्यामुळे नवा अडॅप्टर जोडण्यापूर्वी टोके मीटरने तपासणे हा यातला पहिला नियम आहे. मूळ अडॅप्टर अनियंत्रित असल्याने भाराशिवाय त्याच्यावर १२ व्होल्टच्या वर आकडा दिसतो, तो दोष समजू नये.

चालू केल्यावर सिंक्लेअर कंपनीच्या नावाची ओळ न येता रंगीत चौकटी किंवा पट्टे आले, तर संशय खालच्या १६ केबीच्या ४११६ जातीच्या आठ मेमरी चिपवर घ्यावा. या चिपना ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२ आणि पाय ९ वर ५ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. उणे ५ नसताना १२ व्होल्ट चालू राहिले तर या चिप मरतात, म्हणून व्होल्टेज दुरुस्त होईपर्यंत यंत्र चालू ठेवू नये. हे व्होल्टेज तयार करणाऱ्या मंडलातला टीआर ४ हा ट्रान्झिस्टर बहुधा दोषी असतो. तो बदलताना शेजारचा टीआर ५ आणि त्या भागातले कपॅसिटरही बदलावेत. त्यानंतर, इतरांपेक्षा जास्त तापणारी मेमरी चिप शोधून ती काढावी व तिच्या जागी सॉकेट झाळून नवी बसवावी.

मूळ ७८०५ रेग्युलेटर जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळीसला टेकत असताना ही उष्णता बंद डब्यातल्या यूएलए या चित्र व कळफलक सांभाळणाऱ्या चिपला सोसत नाही. त्याच पायांवर बसणारे स्विचिंग मोड्यूल मिळते, ते घालावे. नागपुरात स्पेक्ट्रम वापरणाऱ्याने करण्यासारखी ही पहिली सुधारणा आहे. कळफलकाच्या पडद्याची पट्टी उष्णतेने कडक होऊन कनेक्टरपाशी तुटते. टोक दोन-तीन मिलिमीटर कापून पुन्हा घातल्यास काही दिवस निभावते, पण नवा पडदा हाच खरा उपाय आहे. चित्रासाठी आरएफ मोड्युलेटरकडे जाणारी जोडणी उचलून कंपोझिट संकेत त्याच सॉकेटवर आणता येतो व चित्र स्पष्ट होते. मूळ भाग जागेवरच राहत असल्याने हा बदल केव्हाही उलटवता येतो. कॅसेटऐवजी मोबाइलवरून ध्वनिफीत वाजवूनही खेळ भरता येतात. त्यासाठी आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि सूचनांचे आवाज बंद करावेत.

सुधारणेआधी माहितीची प्रत

यंत्र चालू झाल्याच्या आनंदात लोक लगेच नवे भाग घालू लागतात. त्याआधी हार्ड डिस्कवर काय आहे ते पाहिले पाहिजे, कारण भाग पुन्हा मिळतात पण मजकूर मिळत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या हार्ड डिस्क आजच्या यूएसबी अडॅप्टरला बहुधा ओळखू येत नाहीत, म्हणून प्रत त्या यंत्रातूनच काढणे इष्ट. एमएस-डॉस ६ मध्ये असलेल्या इंटरलिंक या सोयीने सिरीयल किंवा पॅरलल केबलवरून दुसऱ्या जुन्या संगणकात फायली हलवता येतात. सीगेट एसटी २२५ सारखी जुनी डिस्क असेल तर ती हलवण्यापूर्वी पार्क करणारा प्रोग्राम चालवावा, कारण तिचे हेड आपोआप सुरक्षित जागी जात नाही.

फ्लॉपींवर पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर हेड खराब होते आणि पुढची प्रत्येक चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. आधी खिडकीतून चकती फिरवून पाहावी. चांगल्या फ्लॉपीला लेखनबंदी करून मगच ती वाचावी. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीची फ्लॉपी वाचता येते, पण तीत लिहू नये, कारण त्या ड्राइव्हचा मार्ग अरुंद असल्याने लिहिलेले मूळ ड्राइव्हला नीट वाचता येत नाही. ग्रीझविझल नावाचा छोटा बोर्ड मिळतो. तो फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवतो, त्यामुळे हट्टी फ्लॉपींसाठी तोच वापरावा.

मराठी मजकुराबाबत विशेष सांभाळावे लागते. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड घातलेल्या पीसीवर डॉसच्या प्रोग्राममध्येही देवनागरी उमटत असे, आणि तो मजकूर इस्की या संकेतप्रणालीत साठवला जाई. तिचे भारतीय मानक १९९१ चे आहे. पुढे विंडोजवर आलेल्या डीव्हीबी-टीटी योगेश किंवा श्री-लिपीच्या फाँटांतला मजकूर मात्र त्या त्या फाँटच्या संकेतांत असतो. अशा फायली आजच्या संगणकावर उघडल्या की अर्थहीन चिन्हांची रांग दिसते व माणूस त्या खराब झाल्या असे समजून पुसून टाकतो. त्या खराब झालेल्या नसतात. मूळ फाइल, मूळ फाँट आणि मूळ प्रोग्राम असे तिन्ही एकत्र जपावे आणि त्यानंतर युनिकोडमध्ये रूपांतर करावे. जिस्ट कार्ड सापडले तर ते कबाड्याला देऊ नये. आपल्या भाषेच्या संगणकीय इतिहासातला तो महत्त्वाचा दुवा आहे.

सुधारणा कोणत्या कराव्यात

माझी कसोटी एकच आहे: जी सुधारणा काढून टाकल्यावर यंत्र मूळ रूपात परत येते, ती करावी. डब्याला भोक पाडणे, बोर्डावरच्या रेघा कापणे, हे टाळावे.

पीसीसाठी सर्वांत उपयोगी बदल म्हणजे कुरकुरणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि ते हार्ड डिस्कच्या केबलला जोडणारा आयडीई अडॅप्टर. आवाज, उष्णता आणि डिस्क बंद पडण्याची भीती तिन्ही जातात. जुने बायॉस १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांच्या पलीकडे पाहत नाही, म्हणजे सुमारे ५०४ एमबीवर मर्यादा येते. ५१२ एमबी असे छापलेले कार्ड प्रत्यक्षात याच मर्यादेत बसत असल्यामुळे ते सर्वांत कमी त्रासाचे ठरते. मोठे कार्ड हवे असेल तर एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायॉस ईप्रॉममध्ये भरून ते नेटवर्क कार्डाच्या बूट रॉमच्या सॉकेटमध्ये बसवता येते. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक हे पेन ड्राइव्हवर चालणारे यंत्र घालून त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर टाकले की फ्लॉपींचा प्रश्न मिटतो, मात्र मूळ ड्राइव्ह फेकू नये, डब्यात घालून ठेवावा.

मेमरी वाढवताना ३० पिनांच्या पट्ट्या ३८६ डीएक्स व ४८६ मध्ये चार-चारच्या संचात आणि २८६ व ३८६ एसएक्स मध्ये दोन-दोनच्या संचात घालाव्या लागतात. संचातल्या सर्व पट्ट्या एकाच क्षमतेच्या आणि ७० नॅनोसेकंद किंवा त्याहून वेगवान असाव्यात. डॉस आणि विंडोज ३.१ साठी १६ एमबी भरपूर होते. त्यापुढे खर्च करण्यापेक्षा तो पैसा चांगल्या साउंड कार्डावर घालवावा. प्लॅस्टिकचा पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने घालवण्याची रीत प्रसिद्ध आहे, पण पिवळेपणा बहुधा परत येतो आणि आपल्या उन्हाळ्यात झाकण वाकडे होते, म्हणून मी ती करण्याचा सल्ला देत नाही.

नागपूरच्या ऋतूंप्रमाणे सांभाळ

कूलरच्या झोतासमोर संगणक कधीही ठेवू नये. ताट्यांतून येणाऱ्या हवेबरोबर दमटपणा आणि क्षारांचे सूक्ष्म तुषार येतात आणि बोर्डावर पांढरा थर धरतो. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत यंत्र चालवायचेच असेल तर पहाटे चालवावे आणि कॅबिनेटचा पंखा आधी स्वच्छ करावा. मे-जूनच्या वादळी पावसात विजा चमकू लागल्या की बटन बंद करून थांबू नये, प्लगच काढावा. पावसाळ्यात फ्लॉपी आणि कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात आणि यंत्र पंधरवड्यातून एकदा तासभर चालवावे, म्हणजे आतला ओलावा निघून जातो व कपॅसिटरही जिवंत राहतात.

प्रत्येक यंत्राच्या कॅबिनेटमध्ये एक जाड कागद पाकिटात घालून चिकटवावा आणि त्यावर बदललेले भाग, त्यांच्या तारखा, जंपरच्या जागा, बॅटरीचा प्रकार व सेटअपमधले आकडे लिहावेत. हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत असावेत, कारण बॅटरी संपून सेटअप पुसला गेला की डिस्क पुन्हा ओळखवण्यासाठी आधी तेच लागतात.